कुत्र्याला घेऊन तंबूत दोन रात्री : बांधायचं कुठे, झोपवायचं कसं, बरोबर काय न्यायचं?

उनाड_पाऊल (प्रश्न)

कुत्र्याला बरोबर घेऊन पहिल्यांदाच तंबूत राहायला जायचं ठरलंय. माणसं दोन, कुत्रा एक, मुक्काम दोन रात्रींचा. गाडीने साधारण चार तास, पुढे झाडीलगत मोकळ्या जागेत तंबू आणि दिवसा सात-आठ किलोमीटर पायी भटकंती. कुत्रा नर, ३ वर्षांचा, वजन २२ किलो, केस मध्यम लांबीचे. रोज तीन-चार किलोमीटर चालतो. घरात शांत असतो, पण दाराबाहेर पाऊल वाजलं की भुंकतो. निघायला अजून सहा आठवडे आहेत.

अडलेले प्रश्न असे: रात्री तंबूत घ्यायचा की बाहेर बांधायचा? स्वयंपाक करताना, तंबू ठोकताना त्याला कुठे ठेवायचं? पाणी किती न्यायचं? गोचिडांसाठी आधी काय करून ठेवायचं? आणि रात्रभर भुंकला तर शेजारच्या तंबूतल्या लोकांची झोपमोड होईल, त्यावर काही उपाय आहे का?


चांदणभूल

रात्री तंबूतच घ्या, यात दुसरा पर्याय धरूच नका. बाहेर बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही, आणि हिंस्र जनावरासाठी ती आयती शिकार असते. साप, गोचीड, दव, थंडी हे वेगळंच. शिवाय बाहेरचा कुत्रा प्रत्येक आवाजाला राखणदारी करणार, म्हणजे भुंकणंही वाढणार.

सहा आठवडे हातात आहेत ही फार चांगली गोष्ट आहे, कारण तंबूची सवय घरीच लावायची असते. पहिल्या दिवशी तंबू उभा करू नका, नुसता जमिनीवर पसरा आणि त्यावर त्याचं जेवणाचं भांडं ठेवा. तो बिनधास्त वर चढून खायला लागला की मग काठ्या घालून उभा करा, दोन्ही दारं बांधून उघडी ठेवा, आत खाऊ टाका. आत जायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, ओढू नका. यानंतर येते तंबूच्या दाराची चेन (झिप). कित्येक कुत्री कापडाला घाबरत नाहीत, पण चेनच्या सर्र आवाजाला दचकतात. आधी तो चार हात लांब असताना चेन वरखाली करा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या, मग हळूहळू तो आत असताना. शेवटी कापड हलवून फडफडाट करून दाखवा. हे सगळं जमलं की घरीच एक अख्खी रात्र तंबूत काढा. घरात तंबू मावत नसेल तर गच्ची, अंगण, कुठेही.

त्याचं अंथरूण आजपासून ठरवून टाका आणि निघायच्या आधीचे दोन आठवडे ते धुऊ नका. नव्या जागी त्याला ओळखीचा असा तो एकच वास असतो. आमच्या-तुमच्या नाकाला तो बरा वाटणार नाही, पण त्याला झोप त्या वासानेच लागते.

तंबूचा आकार मोजताना कुत्रा म्हणजे एक माणूस धरा. दोन माणसं आणि २२ किलोचा कुत्रा म्हणजे तीन जणांचा तंबू, त्याहून लहान नको. खाली हवेची गादी वापरणार असाल तर नखांनी ती फुटते, तेव्हा तिच्यावर जाड चादर घाला. कुत्र्याला मात्र घट्ट फोमची चटई द्या. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे त्याच्या अंगावर काय घालता यापेक्षा खाली काय घालता हे जास्त महत्त्वाचं. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा आणि कानशीने घासा. आदल्या दिवशी कापली तर कडा धारदार राहतात आणि तंबूचा तळ फाडतात.

दाराच्या जाळीबद्दल सावध राहा. बाहेर काही हललं की कुत्रा जाळीवर सरळ झेप घेतो, कारण त्याला आरपार दिसतं आणि मध्ये काही आहे हे उमगत नाही. म्हणून रात्री आतलं कापडी दारही लावून घ्या आणि हवेसाठी वरचा झरोका उघडा ठेवा. चेनच्या दोन्ही चकत्या वर नेऊन छोट्या कडीने एकमेकींना अडकवा. त्या खाली राहिल्या तर नाक घालून चेन उघडायला त्याला वेळ लागत नाही.

भुंकण्याचं म्हणाल तर त्यातलं निम्मं जागा निवडतानाच टाळता येतं. पाण्याच्या नळाकडे किंवा संडासाकडे जाणाऱ्या वाटेपासून लांब तंबू ठोका. उजेड असताना, सूर्यास्ताच्या निदान दोन-तीन तास आधी पोचा आणि सामान उतरवण्याआधी त्याला लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) तंबूच्या जागेभोवती सावकाश फिरवा, हवं तिथे हवं तेवढं हुंगू द्या. अंधारात पोचलं की त्याला ती जागा कळतच नाही आणि मग रात्रभर प्रत्येक आवाज नवा. झोपताना त्याला दारापासून लांब, तुमच्या दोघांच्या मध्ये किंवा पायाशी घ्या. आत दिवा लावला की बाहेरून जाणाऱ्याची नाही, तर आपलीच सावली कापडावर हलते आणि त्यावरही कुत्री भुंकतात. तेव्हा दिवा लवकर बंद करा.

तरी भुंकलाच तर ओरडू नका. त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. हळू आवाजात अंथरुणावर बोलवा, हात पाठीवर ठेवा, गप्प झाला की दोन-तीन सेकंद थांबून मग खाऊ द्या. लगेच दिलात तर ‘भुंकलं की मिळतं’ असा हिशोब त्याच्या डोक्यात बसतो.

तंबूत हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) आणि लीश काढा, नाहीतर झोपेत गुंडाळून गळ्याला फास बसू शकतो. नाव-नंबराची पट्टी मात्र गळ्यात राहू द्या. पहाटे त्याला बाहेर काढायचं असेल तर आधी लीश लावा आणि मगच चेनला हात लावा. कुत्रे हरवतात ते बहुधा याच क्षणी.


दोरवाट

वरचं सगळं पटलं. बांधण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

तंबूच्या खुंटीला, काठीला किंवा ताणदोराला कुत्रा कधीही बांधू नका. २२ किलोच्या कुत्र्याने एक हिसका दिला की खुंटी निघते, आणि मग तो पळतो आणि मागून खुंटी उसळत येते. तिला घाबरून तो आणखी पळतो. एका झाडाला लांब दोर हा प्रकारही वाईट. दहा मिनिटांत तो झाडाला फेऱ्या मारून मान अडकवून बसतो.

उत्तम उपाय म्हणजे दोन झाडांमध्ये डोक्यावरून आडवा दोर. साहित्य: ८ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर १५ मीटर, खोडाला गुंडाळायला दोन रुंद पट्टे, भोवरकडी (स्वतःभोवती फिरणारी कडी) असलेला एक मजबूत हुक आणि सुमारे २.३ मीटर लांबीची लीश. दोर थेट सालीवर बांधला तर झाडाला इजा होते, म्हणून पट्टे.

झाडं साधारण ८ मीटर अंतरावरची बघा. दोर जमिनीपासून २ मीटर उंचीवर जितका ताणता येईल तितका ताणून बांधा. आता महत्त्वाचं: दोन्ही बाजूंना झाडापासून सव्वादोन मीटरवर दोरात एकेक जाड गाठ मारा, म्हणजे हुक तिच्यापलीकडे सरकणार नाही. हे अंतर कुठून आलं ते सांगतो. कुत्रा उभा असताना हार्नेसची कडी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असते, म्हणजे वरच्या दोरापासून दीड मीटर खाली. २.३ मीटरच्या लीशने त्याला बाजूला पावणेदोन मीटरच्या आसपास जाता येतं. दोर थोडा झोळतो, त्याने आणखी थोडं मिळतं. गाठ सव्वादोन मीटरवर असली की कडी खोडापर्यंत पोचत नाही आणि कुत्रा झाडाला गुंडाळला जात नाही. दोन गाठींच्या मध्ये साडेतीन मीटर फिरायला जागा उरते आणि आरामात आडवंही होता येतं. लीश २ मीटरपेक्षा कमी घेतली तर तो आडवा पडला की मान वर ओढली जाते.

हुक नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, गळपट्ट्याला नाही. धावत जाऊन दोर संपला की सगळा झटका मानेवर बसतो. भोवरकडी विसरू नका. ती नसली की लीशला पीळ पडत जातो आणि तासाभरात निम्मी आखूड होते.

बांधल्यावर त्याच्या वर्तुळात काय काय येतं ते स्वतः चालून बघा. शेकोटी, स्टोव्ह, तंबूचे ताणदोर यांतलं काही आत नको. शेकोटीपासून निदान ३ मीटर. निखारा विझलेला दिसतो तेव्हाही राखेखाली धग असते आणि पंजे भाजतात. सावली मात्र वर्तुळात हवीच, आणि दुपारी ती कुठे सरकेल हे सकाळीच बघून घ्या.

आणखी एक, आपोआप गुंडाळली जाणारी लीश अशा ठिकाणी नेऊ नका. तिची बारीक दोरी झुडपात अडकते आणि पायाभोवती आली तर कातडी कापते.


उनाड_पाऊल

दोन्ही उत्तरं फार उपयोगी आहेत, हिशोबासकट मिळालं. एकच शंका: मैदान मोकळं असेल आणि जवळ दोन झाडंच नसतील तर?


दोरवाट

मग जमिनीत फिरवून बसवायचा मळसूत्री खांब घ्या, निदान ४० सेंटिमीटर लांबीचा, वरची कडी गोल फिरणारी. ती पूर्णपणे जमिनीला टेकेपर्यंत फिरवा. वर दांडा राहिला तर तरफेसारखा हलून सैल होतो. भुसभुशीत वाळूत आणि पावसाने भिजलेल्या मातीत हे टिकत नाही. बसवल्यावर स्वतः दोन्ही हातांनी तिरका हिसका देऊन बघा. तुम्हाला हलवता आला तर त्याला उपटता येईल. अशा खांबाला लीश दोन मीटरच ठेवा, कारण जितकी लांब तितका धावेचा वेग आणि तितका जोराचा झटका. आणि बांधलेला असताना दोघांपैकी एक जण कायम नजरेच्या टप्प्यात हवा, मग दोर असो की खांब.


गवतफूल

तब्येतीची बाजू मी लिहिते.

या आठवड्यातच व्हेटकडे जा. रेबीज आणि नेहमीच्या लशींची तारीख तपासा, आणि लेप्टोस्पायरोसिसचं आवर्जून विचारा. हा आजार उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होतो, माणसालाही होतो. ही लस पहिल्यांदा घेताना दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे जातात आणि पुढे दर वर्षी एक. म्हणून सहा आठवडे म्हणजे अगदी वेळेवर विचारलंत.

गोचिडांसाठी गोळ्या येतात, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. निघायच्या आठवडाभर आधी द्या म्हणजे उलटी किंवा जुलाब झाले तर घरीच कळेल. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर व्हेटला आधी सांगा, या गटातली औषधं अशा कुत्र्यांना जपून देतात. पण एक लक्षात घ्या, या गोळ्या गोचीड चावल्यावर तिला मारतात, अंगावर चढण्यापासून रोखत नाहीत. त्यामुळे रोज संध्याकाळी अंग तपासणं चुकत नाही.

तपासायचं ते डोळ्यांनी नाही, बोटांनी. केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवत जा. कानाच्या आत आणि मागे, पापण्यांच्या कडा, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीच्या बुडाशी आणि प्रत्येक दोन बोटांच्या बेचक्यात. ज्वारीच्या दाण्याएवढं काही लागलं की केस बाजूला करा. बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाशी धरा, पोटाशी नाही, आणि न पिळता, न हिसडता सरळ वर एकसारखा जोर लावा. तीन-चार सेकंदांत सुटते. तेल, रॉकेल, पेटती काडी असलं काही लावू नका. त्याने ती पोटातलं द्रव्य उलट जखमेत सोडते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, जखम पुसून जंतुनाशक लावा, कातडी तो हळूहळू बाहेर ढकलते. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका, नखाने चिरडू नका. परत आल्यावर महिनाभर लक्ष ठेवा: ताप, खाणं सोडणं, हिरड्या फिकट पडणं, लघवी गडद होणं, नाकातून रक्त येणं. यातलं काहीही दिसलं तर व्हेटला ‘गोचीड लागली होती’ हे पहिलं वाक्य सांगा.

गोचिडांची सगळ्यांना आठवण असते, कुसळांची कोणाला नसते. वाळलेल्या गवताच्या कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते एकदा शिरलं की फक्त पुढेच सरकतं. बोटांच्या बेचक्यातून आत गेलं तर काही दिवसांनी तिथे गळू येतं आणि कुत्रा पंजा चाटत राहतो. नाकात गेलं तर एकामागून एक जोराच्या शिंका, कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलवून झटकणं. नाका-कानातलं घरी काढायला जाऊ नका, लगेच व्हेट. आधीच टाळायचं तर निघण्यापूर्वी पंजांच्या बेचक्यातले केस बारीक कापून घ्या आणि उंच वाळलेल्या गवतातून चालणं टाळा.

पाण्याचा हिशोब: किलोला दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर ही साधी गरज. २२ किलोला सव्वा लिटरच्या आसपास. उन्हात चालण्याच्या दिवशी दुप्पट धरा, म्हणजे अडीच ते तीन लिटर. दोन रात्रींना तीन दिवसांचे मिळून आठ लिटर पिण्यासाठी आणि अंग थंड करायला, जखम धुवायला आणखी चार. चालून आल्यावर एकदम वाडगाभर देऊ नका, १००-१५० मिलिलिटर द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, आणि पाण्यावर हिरवट रंग सांडल्यासारखा थर दिसला तर त्यात पायसुद्धा बुडू देऊ नका. त्या शेवाळातलं विष काही वेळा तासाभरात जीव घेतं. चुकून शिरला तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि व्हेट गाठा.

खाणं घरचंच, नेहमीचंच. एकेका वेळचं मोजून वेगळ्या पिशव्यांत भरा, एक दिवसाचं जास्त घ्या. चालायच्या दिवशी चौथाई वाढवलंत तरी चालेल, पण जेवण आणि चालणं यांत दोन्ही बाजूंनी दीड-दोन तास ठेवा. भरल्या पोटी धावल्याने मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो, आणि ती तासांत जिवावर बेतणारी गोष्ट आहे. प्रवासाच्या दिवशी निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खायला द्या, दर दोन तासांनी थांबा, गाडीत हार्नेस सीटबेल्टला अडकवा. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली च्युइंगगम, शिजवलेली हाडं आणि मांस भाजायच्या सळ्या त्याच्या तोंडाच्या टप्प्यात नकोत. शेकोटीभोवती चरबी सांडलेली माती कुत्री चाटून खातात, तीही झाका.

उष्माघात हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो, कारण उत्साही कुत्रा स्वतःहून थांबत नाही. नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४० च्या वर गेलं की घाई करायची वेळ. त्याआधीच धाप वाढते, जीभ रुंद होऊन लोंबते, लाळ चिकट आणि घट्ट होते, हिरड्या विटेसारख्या लाल दिसतात, चाल अडखळते. असं दिसलं की सावलीत न्या, साधं थंड पाणी अख्ख्या अंगावर, पोटावर, जांघांवर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. तापमान ३९.५ च्या खाली आलं की ओतणं थांबवा. आधी थंड करा, मग गाडीत घाला आणि कुत्रा बरा दिसला तरी व्हेटकडे न्याच. आतल्या अवयवांची इजा पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येते. चालायला जायचं ते सकाळी आणि संध्याकाळी. जमिनीवर तळहाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. दिवसा बंद तंबूत किंवा बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत १० अंशांनी चढतं.

रोज तीन-चार किलोमीटर चालणाऱ्याला एकदम आठ नेऊ नका. आठवड्याला एक-एक किलोमीटर वाढवत न्या, पायांच्या गाद्या त्यानेच घट्ट होतात. गादी कापलीच तर सलाईनने धुवा, गॉझ ठेवा आणि स्वतःला चिकटणारी पट्टी बोटांकडून वर गुंडाळत न्या. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी आवळली आहे असं समजा.

साप चावला तर पट्टे आणि हार्नेस लगेच काढा (सूज वाढते), चालवू नका, उचलून गाडीत घाला, वेळ लिहून ठेवा. दोरी आवळणं, चिरणं, चोखणं यातलं काही नको, प्रतिविष हाच उपाय. म्हणून मुक्कामाच्या सगळ्यात जवळचा व्हेट कोण, त्याच्याकडे सापाचं प्रतिविष असतं का आणि रात्री दवाखाना उघडा असतो का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी आहेत. दुखतंय म्हणून अर्धी गोळीही देऊ नका.


पाऊलखुणा

दोन गोष्टी राहिल्या.

एक, जागा निश्चित करण्याआधी कुत्र्याला परवानगी आहे का ते विचारा. अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी नसते आणि ते योग्यच आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, आणि तो विषाणू आसपासच्या पाळीव कुत्र्यांतून आला असावा असं मानलं जातं. लस घेतलेल्या कुत्र्याचा धोका कमी, पण त्याच्या वासाने आणि भुंकण्याने जनावरं बिथरतात. शी पिशवीत भरून परत आणा. ते अगदीच शक्य नसेल तर पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पुरा. पिशवीसकट पुरू नका.

दुसरं, हरवला तर काय करायचं हे आधी ठरवा. गळ्यातल्या पट्टीवर चालू नंबर, तोही असा की त्या जागी रेंज मिळेल. घरचा नंबर बंद दाराआड वाजत राहून उपयोग नाही. मायक्रोचिप असेल तर नोंद अद्ययावत करा. फोनमध्ये त्याचा समोरून एक आणि बाजूने एक, असे ताजे फोटो ठेवा. निसटला तर मागे धावू नका, त्याला तो पाठलाग वाटतो. खाली बसा, पाठ किंवा बाजू त्याच्याकडे करा, खाऊची पिशवी वाजवा. नजरेआड गेला तर एक जण जागेवरच थांबतो, दुसरा शोधतो. अंधार पडला तर शेवटी दिसला त्या जागी तुमचा अंगातला न धुतलेला सदरा आणि त्याचं अंथरूण ठेवा, शेजारी पाणी, आणि पहाटे सगळ्यात आधी तिथेच जाऊन बघा. बरेच कुत्रे वास धरून निघाल्या जागी परत येतात, त्यामुळे रात्री तंबू गुंडाळून दुसरीकडे हलू नका.


उनाड_पाऊल

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या व्हेटची वेळ घेतली आहे, लेप्टोचं विचारते. तंबू आज रात्री हॉलमध्ये पसरतेय, काठ्या न घालता.